ज्यूरीच्या खोलीत श्रद्धा कुठवर चालते? विचिटा खटल्याच्या निमित्ताने

अमेरिकेतील कॅन्सस राज्यातील विचिटा शहरात ३१ मे २००९ रोजी, रविवारच्या प्रार्थनेच्या वेळी, डॉ. जॉर्ज टिलर यांची त्यांच्याच चर्चमध्ये गोळी घालून हत्या झाली. गरोदरपणाच्या उत्तरार्धातही गर्भपात करणाऱ्या देशातील मोजक्या डॉक्टरांपैकी ते एक होते. १९९३ मध्ये त्यांच्या दोन्ही हातांवर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या. त्याच्या दोन वर्षे आधी, १९९१च्या उन्हाळ्यात, विचिटात गर्भपातविरोधी निदर्शने सहा आठवडे चालली आणि अडीच हजारांहून अधिक अटका झाल्या. हत्येनंतर काही तासांतच स्कॉट रोडर याला अटक झाली. गर्भपात म्हणजे हत्या, आणि ती थांबवण्यासाठी केलेला खून हा गुन्हा नव्हे, असे त्याचे म्हणणे होते. त्यामागे त्याची ख्रिस्ती श्रद्धा होती आणि ती त्याने लपवली नाही.

खटला त्याच शहरात, सेजविक काउंटीच्या न्यायालयात चालणार होता. बारा ज्यूरर त्याच समाजातून निवडायचे, आणि निकाल एकमताने व्हायला हवा. चर्चला नियमित जाणाऱ्यांच्या आणि गर्भपाताला मनोमन विरोध असलेल्यांच्या या भागात एकच ज्यूरर आरोपीच्या बाजूने अडून बसला असता, तर निकालच लागला नसता. ही भीती अनाठायी नव्हती. ज्यूररने साक्षीपुरावा बाजूला सारून स्वतःच्या सदसद्विवेकाला अनुसरून आरोपीला सोडल्याची उदाहरणे इंग्लंड-अमेरिकेच्या कायद्याला नवी नाहीत. पळून गेलेल्या गुलामांना आसरा देणाऱ्यांना शिक्षा करण्यास एकोणिसाव्या शतकात उत्तरेतील काही ज्यूरींनी नकार दिला होता, आणि त्यांचा आज गौरवच होतो. तोच अधिकार खुन्याच्या बाजूने वापरला जाणार नाही, याची हमी कोण देणार?

ही हमी न्यायाधीश वॉरन विल्बर्ट यांच्या एका निर्णयावर येऊन ठेपली. अपरिहार्यतेचा बचाव, म्हणजे मोठे अनिष्ट टाळण्यासाठी लहान अनिष्ट केले हा युक्तिवाद, त्यांनी सुरुवातीलाच नाकारला. पण कॅन्ससच्या कायद्यात आणखी एक वाट होती. बळाचा वापर समर्थनीय आहे असा अवाजवी पण प्रामाणिक समज बाळगून कोणी जीव घेतला, तर तो खून न ठरता सदोष मनुष्यवध ठरू शकतो आणि शिक्षा पुष्कळ कमी होते. त्या दृष्टीने पुरावा मांडण्याची मुभा न्यायाधीशांनी जानेवारी २०१०च्या सुरुवातीस दिली, तेव्हा देशभर खळबळ उडाली. श्रद्धा प्रामाणिक असेल तर खून स्वस्त होतो, असाच त्याचा अर्थ अनेकांनी लावला.

२८ जानेवारीस रोडर स्वतः साक्षीला उभा राहिला. आपण गोळी झाडली, त्यासाठी आधीपासून योजना आखली, आणि पश्चात्ताप नाही, असे त्याने सांगितले. साक्ष संपल्यावर न्यायाधीशांनी मनुष्यवधाचा पर्याय ज्यूरीपुढे ठेवण्यास नकार दिला. गर्भपात कायदेशीर होता आणि रविवारी सकाळी चर्चमध्ये उभ्या असलेल्या डॉक्टरांपासून त्या क्षणी कोणालाही धोका नव्हता, ही त्याची कारणे. दुसऱ्या दिवशी ज्यूरीने चाळीस मिनिटांहून कमी वेळ विचार करून रोडरला खुनासाठी दोषी ठरवले. जन्मठेप झाली, पन्नास वर्षे पॅरोल नाही, अशी अट होती. २०१४ मध्ये कॅन्ससच्या सर्वोच्च न्यायालयाने दोषसिद्धी कायम केली, मात्र पन्नास वर्षांची अट रद्द केली, आणि २०१६ मध्ये ती पंचवीस वर्षांवर आली.

याच शहराची आणखी एक गोष्ट फारशी आठवली जात नाही. हत्येच्या दोन महिने आधी, २७ मार्च २००९ रोजी, याच काउंटीतील ज्यूरीने डॉ. टिलर यांना गर्भपाताच्या नियमांचा भंग केल्याच्या एकोणीस आरोपांतून तासाभराच्या आत निर्दोष सोडले होते. म्हणजे दहा महिन्यांच्या अंतराने दोन ज्यूरींनी आधी डॉक्टरांना सोडले आणि मग त्यांच्या मारेकऱ्याला दोषी धरले. दोन खटल्यांवरून नियम काढता येत नाही. तरी गर्भपाताला विरोध असलेला माणूस खुनाच्या बाजूने उभा राहीलच, हे गृहीतक विचिटाच्या नागरिकांवर अन्याय करणारे होते. फ्लोरिडातील पेन्साकोला येथेही असेच घडले. माजी धर्मोपदेशक पॉल हिल याने १९९४ मध्ये डॉ. जॉन ब्रिटन व त्यांच्या सोबत्याची हत्या केली आणि स्वतःचा खटला स्वतःच चालवला. समर्थनीय हत्येचा बचाव मांडण्याची परवानगी त्याला मिळाली नाही, आणि ज्यूरीने अल्पावधीत दोषी ठरवले. २००३ मध्ये त्याला मृत्युदंड देण्यात आला. न्यू यॉर्कमध्ये डॉ. बार्नेट स्लेपियन यांचा मारेकरी जेम्स कॉप याने तर २००३च्या राज्य खटल्यात ज्यूरीचा हक्कच सोडून न्यायाधीशांकडून निकाल मागितला. ज्यूरीत सहानुभूती मिळेल अशी आशा असणाऱ्याने हे पाऊल उचलावे, हे बोलके आहे.

ज्यूरर निवडताना मात्र धर्माचा प्रश्न सरळ सुटत नाही. उमेदवारांची शपथेवर चौकशी होते आणि ज्याचे मत बदलणार नाही असे दिसते, त्याला कारण देऊन वगळता येते. शिवाय दोन्ही पक्षांना कारण न देता काही नावे वगळण्याचा अधिकार असतो. वंशावरून असे वगळणे १९८६च्या बॅट्सन निकालाने आणि लिंगावरून वगळणे १९९४ मध्ये निषिद्ध ठरले. धर्मावरून? मिनेसोटात एका सरकारी वकिलाने यहोवाज विटनेस पंथाची व्यक्ती वगळली, ते राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवले, आणि १९९४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यावर सुनावणी घेण्यास नकार दिला. तेव्हापासून खालची न्यायालये ‘अमुक पंथाचा आहे म्हणून’ आणि ‘अमुक श्रद्धेमुळे कायदा पाळणार नाही म्हणून’ असा भेद करत आली आहेत. कागदावर हा भेद स्वच्छ दिसतो. चौकशीच्या दहा मिनिटांत तो ओळखणे अवघड जाते.

निवड झाल्यावर खोलीत काय चालते, हे कायदा सहसा विचारत नाही. अपवाद बाहेरून आणलेल्या मजकुराचा. कोलोरॅडोत १९९५ मध्ये मृत्युदंड ठोठावण्याआधी ज्यूररांनी बायबल मागवून ‘डोळ्यास डोळा’ या अर्थाची वचने वाचली, म्हणून २००५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी ती शिक्षा रद्द केली. लहानपणापासून पाठ असलेली तीच वचने ज्यूररने मनात आणली असती, तर हरकत नव्हती. दुसरे प्रकरण फ्लोरिडाचे. माजी खासदार कॉरीन ब्राउन यांच्या २०१७च्या आर्थिक गुन्ह्यांच्या खटल्यात एका ज्यूररने, पवित्र आत्म्याने त्या निर्दोष असल्याचे आपल्याला सांगितले, असे सहकाऱ्यांना सांगितले. न्यायाधीशांनी त्याला काढले. २०२१ मध्ये अकराव्या सर्किटच्या पूर्ण पीठाने सात विरुद्ध चार मतांनी ती दोषसिद्धी रद्द केली. तो पुराव्याचा विचार करत होता आणि मार्गदर्शनासाठी प्रार्थना करत होता, एवढ्याने तो अपात्र ठरत नाही, असे बहुमताचे म्हणणे होते.

मराठी वाचकाला हा प्रश्न परका नाही. १८९७ मध्ये लोकमान्य टिळकांवरील राजद्रोहाचा खटला अफझलखानाच्या वधाच्या समर्थनाशी आणि पुढे आठवडाभरात झालेल्या रँडच्या हत्येशी जोडला गेला होता. मुंबई उच्च न्यायालयातील ज्यूरीत सहा युरोपीय आणि तीन हिंदी सदस्य होते. निकालही सहा विरुद्ध तीन असाच लागला. १९०८ मध्ये, मुझफ्फरपूरच्या बॉम्बनंतरच्या लेखांसाठी, पुन्हा सात विरुद्ध दोन. एकमताची अट नसल्याने तीन जणांचे मत निष्फळ गेले. विचिटात मात्र एका मतालाही वजन होते.

भारतात विधी आयोगाने १९५८ मध्ये ज्यूरी बंद करण्याची शिफारस केली. पुढच्याच वर्षी नानावटी खटल्यात ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी आरोपीला निर्दोष ठरवले आणि मुंबई उच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. १९७३ची फौजदारी प्रक्रिया संहिता १ एप्रिल १९७४ रोजी अमलात आली आणि ज्यूरी उरली नाही. न्यायाधीशाला निकालाची कारणे लिहावी लागतात, त्यामुळे त्यांत श्रद्धा डोकावली तर ती अपिलात तपासता येते. ज्यूरीला कारण सांगावेच लागत नाही. पारशी विवाह न्यायालयात मात्र आजही न्यायाधीशांसोबत पाच प्रतिनिधी बसतात, आणि ते पारशीच असावे लागतात.