ऐच्छिक अटींमुळे मंदावणारी क्वेरी

‘मूल्य दिले असेल तरच गाळा’ अशा अटी एकाच एसक्यूएल क्वेरीत ‘किंवा’ने गुंफल्यास उद्भवणारा दोष. उदाहरणार्थ, सातबारा गट क्रमांकाने शोधता येतो, तसा खातेदाराच्या नावानेही. समजा, अंबरनाथ तालुक्यातील बदलापूर गावचा एकच गट हवा आहे. ‘गट रिकामा किंवा गट जुळतो’ या अटीमुळे क्वेरी चालवण्याचा साठवलेला आराखडा (एक्झिक्युशन प्लॅन) रिकाम्या मूल्यालाही लागू पडावा लागतो. म्हणून इंडेक्स असूनही बहुधा सगळे टेबल चाळले जाते. नवे इंडेक्स लावण्याची घाई नेहमीचीच, आणि बहुतेकदा फुकट. आधी प्रत्यक्ष एक्झिक्युशन प्लॅन पाहावा: हाती एक ओळ, वाचल्या लाखो, तर दोष इथेच. एसक्यूएल सर्व्हरमध्ये ‘ऑप्शन रीकंपाइल’ हा सोपा उतारा. मात्र दर वेळी आराखडा नव्याने बनतो. वारंवारच्या शोधासाठी दिलेल्या अटींपुरतीच क्वेरी बांधावी, मूल्ये पॅरामीटरनेच द्यावीत.