पडाव, आगबोट आणि कुलदैवताची वाट

कोकणातील गाव नकाशावर जमिनीला जोडलेले दिसते. परंतु विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत व्यवहारात ते एक बेटच होते. पाठीशी सह्याद्री, पुढ्यात समुद्र आणि दोन्ही हातांस एकेक खाडी. सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, मुचकुंदी, वाघोटण या नद्यांची मुखे किनाऱ्याचे असे तुकडे पाडीत गेली आहेत की, दाभोळच्या माणसाला समोरचे धोपावे डोळ्यांनी दिसे, पण जमिनीवरून तेथे पोहोचायचे तर चिपळूणपर्यंत वळसा पडे. खाडी ओलांडण्यासाठी होडीचा तर होता, आणि दूर जाण्यासाठी समुद्र. प्रवाशाला आपण मराठीत 'उतारू' म्हणतो. पाण्याच्या उताराशी नाते सांगणारा हा शब्द आगगाडीच्या डब्यातही आपण सहज वापरतो, यात या इतिहासाची एक खूण उरली आहे.

इंदूर, देवास, धार या भागांत स्थिरावलेल्या आपल्या अनेक घराण्यांची मूळ गावे याच बेटवजा मुलखात आहेत. पेशवाईत जे आले ते घाट चढून, देशावरून, नर्मदा ओलांडून आले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व नंतर जे नोकरीनिमित्त आले, त्यांची वाट निराळी होती. आज राजेंद्र नगर स्थानकावरून महूकडे गाडी जाते तो मार्ग मूळचा होळकर संस्थानाच्या रेल्वेचा. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी त्यासाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले होते. १८७० च्या दशकात हा मीटरमापी मार्ग नर्मदेवरील पुलासह खंडव्यास जोडला गेला, आणि इंदूरचा उतारू खंडव्यास गाडी बदलून थेट बोरीबंदरावर उतरू लागला. तेथून पुढे देशावरच्या माणसाला पुन्हा आगगाडी मिळे. कोकणच्या माणसाला मात्र बंदर गाठावे लागे.

या बंदराच्या वाटेकडे इतिहासकारांनी फारसे लक्ष दिलेले नाही. आरमाराविषयी पुष्कळ लिहिले गेले. मालवणसमोरच्या कुरटे बेटावर १६६४ साली शिवाजी महाराजांनी सिंधुदुर्गाची पायाभरणी केली, हर्णैसमोरचा सुवर्णदुर्ग १७५५ साली इंग्रज नौदल अधिकारी जेम्स याच्या हाती पडला, जंजिऱ्याचा सिद्दी कोणालाच दाद देईना, हे सारे आपण शाळेत शिकलो. तोफांचा इतिहास लिहिला गेला आणि ट्रंका-वळकट्यांचा राहिला. वास्तविक घराण्यांच्या जीवनावर दुसऱ्याचाच परिणाम अधिक झाला.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या, म्हणजे लोकांच्या तोंडी 'शेफर्ड कंपनी'च्या, आगबोटी किनाऱ्याने नियमित जाऊ लागल्या. मुंबईहून निघालेली बोट श्रीवर्धन, बाणकोट, हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत दक्षिणेस जाई. आता ही यादी कुलदैवतांच्या यादीशेजारी ठेवून पाहावी. हरिहरेश्वराला जाणाऱ्याचे बंदर श्रीवर्धन वा बाणकोट, केळशीच्या महालक्ष्मीला जाणाऱ्याचे हर्णै, गुहागरच्या व्याडेश्वराचे दाभोळ, वेळणेश्वरासाठी जयगड. मंगेशी आणि शांतादुर्गेला जाणारे त्याहून पुढे, गोव्याच्या वाटेला. घरात मुंज-लग्न झाले की कुलदैवताला जाणे ठरलेले, आणि ते जाणे म्हणजे आगबोटीने जाणे. या घरांत आपले गाव जिल्ह्यापेक्षा बंदराच्या नावाने अधिक ओळखले जाई, त्याचे कारण हेच.

आगबोट किनाऱ्याला लागत असे, अशी समजूत असेल तर ती दूर केली पाहिजे. विजयदुर्गासारखे खोल पाण्याचे नैसर्गिक बंदर हा अपवाद. हर्णै, मालवण अशा ठिकाणी बोट दूर समुद्रात उभी राही, भोंगा देई, आणि किनाऱ्यावरून पडाव सुटत. पडाव म्हणजे रुंद पोटाची, वल्ह्यांवर वा शिडावर चालणारी मोठी होडी. उथळ पाण्यात त्या पडावापर्यंतही चालत जावे लागे. बायका-मुलांना, म्हाताऱ्यांना आणि सोवळे जपणाऱ्यांना खलाशी खांद्यावर उचलून नेत. पडाव बोटीच्या अंगाला भिडला की लाटेबरोबर वरखाली होई. वर आला तेवढ्या क्षणात शिडीवर पाय ठेवायचा. क्षण हुकला तर पुढच्या लाटेची वाट पाहायची. मूल, ट्रंक, आंब्याची पेटी, सारे काही याच रीतीने हातोहात वर जाई. रात्रीच्या वेळी हा व्यवहार कंदिलाच्या उजेडात चाले. एवढ्या सोहळ्यानंतर डेकवर वळकटी पसरण्यापुरती जागा मिळाली म्हणजे भाग्य, आणि 'बोट लागली' तर तेही नाही. समुद्र न पाहिलेल्या माळव्यातल्या सुनांना हा प्रवास कसा वाटला असेल, याची कल्पना प्रत्येकाने आपापल्या घरातील आठवणींवरून करावी.

आणि हे सारे आठ महिन्यांपुरते. मे महिन्याच्या अखेरीस किनाऱ्यावरची लांब पल्ल्याची वाहतूक बंद होई, ती पावसाळा सरल्यावर सुरू होई. त्या काळात घरी कोणी आजारी पडले, वारले, तरी तार येई. माणूस जाऊ शकत नसे. जायचेच तर कुंभार्ली, आंबा वा फोंडा घाटाने, भर पावसात. माझ्या मते, माळव्यात आलेली कोकणी घराणी दोन पिढ्यांत पुरती इंदुरी झाली, त्यात होळकरांच्या आश्रयाइतकाच या बंद समुद्राचाही वाटा आहे. वर्षाचा तिसरा हिस्सा ज्या गावाची वाट मिटते, त्या गावातील जमीन भावबंदांकडे राहते आणि घरावर हळूहळू त्यांचाच हक्क होतो. गिरणगावातील कोकणी चाकरमानी शिमग्याला बोटीने गावी जाऊन येई. त्याचे नाते टिकले. इंदूरकरांचे कुळाचारापुरते उरले.

स्वदेशीच्या चळवळीत परक्या आगबोटींविरुद्धही लोक उभे राहिले. दक्षिणेत चिदंबरम पिळ्ळै यांनी १९०६ साली तुतिकोरिन-कोलंबो मार्गावर स्वदेशी कंपनी काढली, तशीच भावना कोकणातही होती. इंडियन को-ऑपरेटिव्ह कंपनीच्या बोटींना लोक 'माझी आगबोट' म्हणत. तिच्या बोटींची नावे 'तुकाराम', 'रामदास' अशी. किनाऱ्यावरच्या ख्रिस्ती उतारूंसाठी 'सेंट झेवियर', 'सेंट अँथनी' अशीही. नाव संताचे असले म्हणून समुद्र मऊ होत नाही. ११ नोव्हेंबर १९२७ रोजी, म्हणजे बोटी चालण्याच्या ऐन हंगामात, 'जयंती' आणि 'तुकाराम' या दोन बोटी एकाच दिवशी बुडाल्या.

त्यानंतर वीस वर्षांनी 'रामदास'. १७ जुलै १९४७, गटारी अमावस्या. सकाळी आठच्या सुमारास भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ही बोट. अंतर जेमतेम दीड तासाचे. मुंबई-रेवस हा टप्पा बंदराच्या मुखातला, म्हणून पावसाळ्यातही चालू असे. सणासाठी घरी जाणाऱ्यांनी बोट भरलेली होती. काशाच्या खडकाजवळ वादळी लाटांत ती एका अंगाला कलली, भ्यालेले लोक एका बाजूस धावले, आणि काही मिनिटांत सारे संपले. सहाशेहून अधिक माणसे गेली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हते, म्हणून मुंबईला कित्येक तास पत्ताच नव्हता. पोहून वाचलेले काही जण किनाऱ्यास लागले तेव्हा बातमी कळली. जे वाचले त्यांतील पुष्कळांना मासळी घेऊन निघालेल्या रेवसकडील कोळ्यांनी आपल्या होड्यांत ओढून घेतले होते. महिन्याच्या आत स्वातंत्र्य आले आणि त्या जल्लोषात व फाळणीच्या रक्तपातात ही दुर्घटना देशाच्या स्मरणातून निसटली. अलिबागच्या परिसरात मात्र ती आजही घराघरांतून सांगितली जाते.

येथे ग्रीसचे उदाहरण घेणे अप्रस्तुत होणार नाही. त्या देशाला सहा हजारांच्या आसपास बेटे आहेत. पैकी वस्ती सव्वादोनशेच्या आसपास बेटांवर. तेथेही अनेक लहान बेटांना धक्का नव्हता तेव्हा बोट दूर उभी राही आणि होड्यांतून माणसे उतरविली जात, थेट हर्णैसारखी. तेथेही वारा वाहतूक थांबवितो, फक्त तो आपल्यासारखा पावसाळी नैर्ऋत्येचा नसून ऐन उन्हाळ्यातला उत्तरेचा, मेल्तेमी नावाचा. तेथेही खडक आहेत. २६ सप्टेंबर २००० रोजी पारोस बेटाजवळच्या खडकावर आदळून 'एक्सप्रेस सामिना' ही बोट बुडाली आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. साम्य येथवर. फरक पुढे आहे. ज्या बेटांवर चारदोनशे माणसे राहतात, जेथे बोट नेणे कोणत्याही कंपनीला परवडत नाही, त्या मार्गांना ग्रीक लोक 'वांझ मार्ग' अशा अर्थाच्या नावाने ओळखतात, आणि तोटा सरकारी तिजोरीतून भरून देऊन हे मार्ग हिवाळ्यातही चालू ठेवतात. नॅक्सॉस ते अमोर्गोस या दोन बेटांमधल्या चिमुकल्या बेटांना जोडणारी एक लहान बोट कित्येक वर्षे अशीच धावते आहे. तेथे बोट हा रस्ता मानला जातो, आणि रस्त्याकडून नफा कोणी मागत नाही.

आपल्याकडे बोट हा धंदा मानला गेला. स्वातंत्र्यानंतर किनारी वाहतूक सिंदिया कंपनीकडे, मग चौगुले कंपनीकडे आणि पुढे मोगल लाइन या सरकारी कंपनीकडे गेली. 'रोहिणी', 'सरिता', 'कोकण सेवक', 'कोकण शक्ती' ही त्या शेवटच्या पर्वातील बोटींची नावे. महामार्ग सुधारला, एस.टी. खेडोपाडी पोहोचली, मधल्या बंदरांतील उतारू कमी झाले आणि ती एकेक करून गळाली. दोन टोके, मुंबई आणि पणजी, तेवढी उरली. १९८० च्या दशकाच्या अखेरीस तीही सेवा थांबली. त्यानंतर १९९० च्या दशकात जलदगती कॅटामरान आली आणि गेली, २०१८ साली 'आंग्रिया' ही विलासी बोट निघाली. पण या बोटी गोव्याच्या पर्यटकांसाठी होत्या, मुसाकाजीला उतरणाऱ्यासाठी नव्हत्या. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे पूर्णपणे खुली झाली हे मोठेच काम झाले. मात्र तिचा मार्ग किनाऱ्यापासून आत, डोंगराच्या बाजूने जातो. आगबोटीची बहुतेक बंदरे तिच्या वाटेवर नाहीत. दाभोळ, जयगड, मुसाकाजी येथील पेठा ज्या भोंग्यावर जाग्या होत, तो भोंगा गेल्यावर त्यांच्या जागी दुसरे काही आले नाही.

खाडीवरचा तर मात्र परतला आहे. २००३ साली दाभोळ-धोपावे फेरीबोट सुरू झाली. मोटारगाडीसह दहा-पंधरा मिनिटांत पलीकडे नेते. वेसवी-बागमांडला, जयगड-तवसाळ, आगरदांडा-दिघी येथेही तशा बोटी आहेत, आणि २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यास गाड्या नेणारी मोठी बोटही. इंदूरहून मोटारीने निघालेले कुटुंब आता हरिहरेश्वराचे दर्शन घेऊन बागमांडल्याला बोटीवर चढते, बाणकोटच्या खाडीपलीकडे उतरते, केळशी करते, दाभोळला पुन्हा बोटीवर चढते आणि दिवस मावळण्याआधी गुहागरास व्याडेश्वरापुढे उभे राहते. ज्या क्रमाने आगबोट ही बंदरे घेत असे, तोच हा क्रम.