अमेरिकन साइझची भानगड आणि आपला ब्लाउज

दिवाळीच्या कार्यक्रमाची तारीख जाहीर झाली की मैत्रिणींकडून दोन प्रश्न ठरलेले असतात. दुकानात 14डब्ल्यू म्हणजे नक्की काय, आणि पुण्याहून शिवून आलेला ब्लाउज मुंढ्यात का काचतो? म्हणून ही माहिती एकत्र देत आहोत.

आधी आकड्यांबद्दल. 1939-40 मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने सुमारे 15,000 स्त्रियांची मापे घेतली, पण हिशेबात फक्त गोऱ्या स्त्रियांची धरली. त्या पाहणीच्या आधारे 1958 मध्ये सरकारी मापतक्ता निघाला. 1983 मध्ये तो मागे घेतला गेला. आता कंपन्या आपापले तक्ते वापरतात, शिवाय गिऱ्हाईक खूश राहावं म्हणून मोठ्या मापाला लहान आकडा लावतात. याला व्हॅनिटी सायझिंग म्हणतात. म्हणजे ज्या आकड्यापायी ट्रायल रूममध्ये डोळ्यांत पाणी येतं, तो एका दुकानातून दुसऱ्या दुकानात जाईपर्यंत बदलतो. आम्हा इंजिनिअर मंडळींच्या भाषेत, युनिट न लिहिलेलं रीडिंग!

डब्ल्यू म्हणजे ‘विमेन्स’. यात कपडा भरदार बांध्याच्या हिशेबाने कापतात: छाती-कंबरेला जागा जास्त, मुंढा खोल, बाही सैल. साधा 16 खांद्यावरून उतरतो पण दंडात अडकतो, असं झालं तर 14डब्ल्यू घालून बघावा. पेटिट म्हणजे बारीक नव्हे. तो साधारण 5 फूट 4 इंचापर्यंतच्या उंचीसाठी असतो, आणि आपल्यापैकी बऱ्याच जणी त्यात बसतात. उंची कमी आणि बांधा भरलेला असेल तर डब्ल्यूपी शोधा. ब्रिटनमध्ये आकडा साधारण 4 ने वाढतो, इथला 14 तिथे 18.

आता ब्लाउज. शिंप्याला जुना ब्लाउज पाठवून ‘असाच शिवा’ म्हणणं सोपं, पण तो आधीच काचत असेल तर नवाही काचणारच. त्यापेक्षा मापे कळवा. ज्या ब्रावर ब्लाउज घालणार तीच घालून, दुसऱ्या कुणाकडून, टेप न आवळता घ्यावीत. छातीचा वरचा घेर आणि भरलेल्या भागाचा घेर वेगवेगळे लिहा. दंडघेर आणि मुंढा हमखास विसरले जातात आणि काचतं तिथेच. भरदार छातीला साध्या टक्सपेक्षा कटोरी किंवा प्रिन्सेस कट चांगला बसतो. दोन्ही बाजूंना आणि बाहीतही माया ठेवायला आवर्जून सांगा. इथे ब्लाउज उसवून देणारी व्यक्ती मिळते, पण आत कापडच नसेल तर ती तरी काय करणार!

साडीचं बरं असतं, ती अंग बघून नेसली जाते, साइझ विचारत नाही. तरी ब्लाउज होत नाही म्हणून कार्यक्रमालाच न येणाऱ्या मैत्रिणी आम्हाला ठाऊक आहेत. त्यांच्या न येण्यात आपल्या ‘तब्येत सुधारली हं!’चाही वाटा असतो. हे वाक्य शेजारी उभ्या असलेल्या त्यांच्या मुलीही ऐकतात, आणि इथे वाढल्या तरी त्यांना त्याचा अर्थ बरोबर कळतो.

दिवाळीसाठी भारतात शिवायला टाकायचं असेल तर मापे गणपतीपूर्वीच पाठवा. नवरात्रानंतर शिंपी कुणाचंच ऐकत नाहीत.