मेर्सेनचा शब्द आणि ल्यूकाचा पुरावा

इ. स. १६४४ मध्ये मारँ मेर्सेन या पॅरिसमधील ख्रिस्ती संन्याशाने एका ग्रंथात घातांकांची एक यादी दिली. दोनाचा घात घेऊन त्यातून एक वजा केला असता मूळ संख्या कोणकोणत्या घातांकांनी मिळते, हे तीत सांगितले होते. घातांक सात घेतल्यास १२७ येतात. ही संख्या मूळ आहे. घातांक अकरा घेतल्यास मात्र २०४७ येतात, आणि तो २३ व ८९ यांचा गुणाकार ठरतो. येथे नुसत्या अदमासाने भागत नाही. तरीही २५७ पर्यंतचे केवळ अकरा घातांक मूळ संख्या देतात, असे मेर्सेनने निःशंकपणे लिहून टाकले. त्या अकरांत १२७ हा घातांक होता.

त्यापासून निघणारी संख्या एकोणचाळीस अंकी आहे: १७०१४११८३४६०४६९२३१७३१६८७३०३७१५८८४१०५७२७. भागाकार करून तिची परीक्षा घ्यावयाची म्हटल्यास वीस अंकी भाजकांपर्यंत जावे लागेल. एका आयुष्यात आटोपणारे हे काम नव्हे. साहजिकच मेर्सेनचा शब्द २३२ वर्षे तसाच चालत राहिला.

१८७६ साली एदुआर ल्यूका या फ्रेंच गणितज्ञाने अवयव न शोधताच निर्णय देणारी कसोटी काढली. १९३० मध्ये लेमरने तिला जे सुटसुटीत रूप दिले, ते असे: चारापासून आरंभ करावा, संख्येचा वर्ग करून त्यातून दोन वजा करावे, उत्तराला तपासावयाच्या संख्येने भागून केवळ बाकी ठेवावी, आणि पुन्हा तेच करावे. १२७ साठी ओळीने ४, १४, ६७, ४२, १११ आणि अखेर शून्य येते. घातांकाहून दोन कमी इतक्या पायऱ्यांनंतर शून्य उरले, तर संख्या मूळ, एरवी नव्हे. ल्यूकाने आपल्या रीतीने ती एकोणचाळीस अंकी संख्या हातानेच गणित करून मूळ असल्याचे सिद्ध केले. पुढे १९५१ पर्यंत, म्हणजे पाऊणशे वर्षे, तिच्याहून मोठी मूळ संख्या कोणास ज्ञात नव्हती.

त्याच कसोटीने मेर्सेनच्या यादीतील ६७ हा घातांक खोटा ठरला. त्या संख्येला अवयव आहेत हे निश्चित झाले, पण ते कोणते हे कळले नव्हते. १९०३ साली कोल या अमेरिकन गणितज्ञाने १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७ हे दोन अवयव जगापुढे ठेवले. पुढे २५७ हा घातांकही खोटा ठरला आणि ६१, ८९ व १०७ हे तीन खरे घातांक यादीतून निसटले होते असे दिसून आले. १९४७ मध्ये ही छाननी पूर्ण झाली.

मग १२७ विषयी मेर्सेनचे म्हणणे खरे निघाले, त्याचे श्रेय त्याला द्यावे काय? आम्हां कचेरीत दिवस घालविणाऱ्यांना हा प्रश्न परका नाही. नस्तीवरील शेरा बरोबर असला, तरी त्याखाली आधाराचा कागद नसेल तर लेखापरीक्षक तो मान्य करीत नाही. आणि वरिष्ठांची सही हा काही आधार नव्हे. मेर्सेनने १२७ आणि ६७ हे दोन्ही घातांक एकाच विश्वासाने लिहिले होते. त्यांतला खरा कोणता, हे त्याच्या शब्दावरून कोणालाही ओळखता आले नसते. ते ओळखण्याचे साधन ल्यूकाने दिले, म्हणून त्या संख्येवर पहिला हक्क आम्ही त्याचाच मानतो.