परीक्षेविना पदवी : एका वादाची पूर्वपीठिका

जुलै २०२०मध्ये राज्यातील कृषी अभ्यासक्रमाच्या काही विद्यार्थ्यांच्या हाती ज्या गुणपत्रिका पडल्या, त्यांवर 'प्रमोटेड कोविड-१९' असा शेरा होता. त्यावरून गदारोळ झाला, सरकारला लक्ष घालावे लागले आणि दोन-तीन दिवसांत वर्तमानपत्रांच्या लेखी विषय संपला. मला मात्र तो शेरा उमटवणाऱ्या अनामिक कारकुनाविषयी आजही कुतूहल वाटते. त्याने खोटे असे काहीच लिहिले नव्हते. परीक्षा झाली नव्हती, विद्यार्थी पुढे गेला होता आणि त्याला कारण महामारीच होती. तरीही ते सत्य गुणपत्रिकेवर कोणालाच नको होते. ते का नको होते, हे शोधू लागले की २०२०मध्ये थांबता येत नाही. थेट १८५७पर्यंत मागे जावे लागते.

१८ जुलै १८५७ रोजी मुंबई विद्यापीठाचा कायदा झाला, तेव्हा कलकत्ता, मुंबई आणि मद्रास या तिन्ही विद्यापीठांपुढे नमुना होता तो लंडन विद्यापीठाचा, ऑक्सफर्ड-केंब्रिजचा नव्हे. १८५४च्या वुडच्या खलित्यातच हे स्पष्ट होते. शिकवणे हे विद्यापीठाचे काम नव्हे. इतरत्र जे शिकवले गेले त्याची पारख करून त्यावर मोहोर उठवणे हे त्याचे काम. महाविद्यालयांनी शिकवावे, विद्यापीठाने तपासावे. १८६२मध्ये बी.ए. झालेले पहिले चौघे, म्हणजे रानडे, भांडारकर, वागळे आणि मोडक, हे शिकले एल्फिन्स्टनमध्ये. विद्यापीठाशी त्यांची गाठ पडली ती परीक्षेच्या दालनात. पुढे १९०४च्या कायद्याने विद्यापीठांना अध्यापनाची वाट मोकळी करून दिली आणि १९१९मध्ये पॅट्रिक गेडिस मुंबईत समाजशास्त्र शिकवू लागले. पण पदवीपूर्व शिक्षणाचा मूळ साचा बदलला नाही. संलग्न महाविद्यालयांत शिकणाऱ्या लाखो मुलांपैकी बहुतेकांसाठी विद्यापीठ म्हणजे आजही हॉल तिकीट, बैठक क्रमांक आणि गुणपत्रिका.

आपण मराठीच्या प्राध्यापकांनी तर हा साचा विशेष जवळून पाहिलेला आहे. मुंबई विद्यापीठाने आरंभीच्या दशकातच देशी भाषांना उच्च परीक्षांतून बाहेर काढले आणि त्या परत याव्यात म्हणून न्यायमूर्ती रानड्यांना सिनेटमध्ये वर्षानुवर्षे झगडावे लागले. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर एम.ए.च्या परीक्षेत मराठीला जागा मिळाली, ती त्यांच्या आयुष्याच्या अगदी अखेरीस. या लढ्याचे आपण नेहमी भाषेच्या अंगाने गुणगान करतो. त्यातली दुसरी बाजू सहसा ध्यानात येत नाही. भांडण मराठी शिकवली जावी यासाठी होते त्याहून अधिक ती परीक्षेला असावी यासाठी होते. जे परीक्षेला नाही ते विद्यापीठात नाही, हे रानड्यांनाही ठाऊक होते.

अशा व्यवस्थेवर मार्च २०२०मध्ये टाळेबंदी कोसळली. परीक्षा लांबणीवर पडल्या आणि लवकरच त्या होणारच नाहीत अशी चिन्हे दिसू लागली. त्याच आठवड्यांत अमेरिकेतील विद्यापीठांनी काय केले, ते पाहण्यासारखे आहे. कोलंबिया विद्यापीठाने त्या सत्रापुरती अक्षरश्रेणी बंद करून सर्वांना केवळ उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण असे ठरवले. हार्वर्डच्या पदवी महाविद्यालयाने 'आपत्कालीन समाधानकारक' अशी नवी श्रेणीच काढली. म्हणजे आपल्याकडे ज्या शेऱ्यावरून गदारोळ झाला, तो तेथे उघडपणे छापला गेला. कॉर्नेलने निवड विद्यार्थ्यांवर सोपवली : हवी तर अक्षरश्रेणी घ्या, नको तर समाधानकारक एवढीच नोंद घ्या. ब्रिटनमधील अनेक विद्यापीठांनी महामारीपूर्वीची सरासरी हा तळ मानला. विद्यार्थ्याला त्याच्या वर जाता येईल, पण खाली घसरता येणार नाही. या सर्व तडजोडींवर तेथेही वाद झाले. सक्ती असावी की निवड, यावरून तर कडाक्याचे. पण अमेरिकेत त्या चटकन शक्य झाल्या, याचे एक साधे कारण आहे. तेथे जो शिकवतो तोच श्रेणी देतो. सत्र अर्धे झाले तेव्हा त्याच्यापाशी निबंध होते, चर्चा होत्या, मुलाचा चेहरा होता. परीक्षा गेली तरी विद्यार्थी त्याच्या ओळखीचा उरत होता. आमच्या विद्यापीठाजवळ परीक्षा गेल्यावर काय उरत होते?

विद्यापीठ अनुदान आयोगाने २९ एप्रिल २०२०च्या मार्गदर्शक सूचनांत या प्रश्नाचे एक उत्तर दिले. अंतिम वर्षाच्या परीक्षा जुलैत घ्याव्यात. मधल्या सत्रांच्या विद्यार्थ्यांना, परिस्थिती निवळली नाही तर, निम्मे गुण अंतर्गत मूल्यमापनावर आणि निम्मे आधीच्या सत्राच्या कामगिरीवर द्यावेत. आधीचे गुणच नसतील तेथे अंतर्गत मूल्यमापन शंभर टक्के धरावे. कागदावर हे सूत्र निर्दोष होते. स्टाफरूममध्ये (म्हणजे त्या दिवसांत व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर) ते वाचून आम्ही काही काळ गप्प राहिलो. कारण अंतर्गत मूल्यमापनाचे गुण आम्ही कसे देतो हे आम्हाला माहीत होते. वीसपैकी सतरा, अठरा, क्वचित सोळा. प्रकल्प म्हणून जे येते ते बहुधा आदल्या वर्षीच्या वहीतून उतरलेले असते आणि एका वर्गात शंभर-सव्वाशे मुले असल्यावर तोंडी परीक्षा दोन मिनिटांत उरकते. आपल्या मुलांचे नुकसान शेजारच्या महाविद्यालयाच्या उदारपणामुळे होऊ नये, म्हणून आपणही उदार व्हायचे, हा अलिखित नियम. याला भ्रष्टाचार म्हणता येणार नाही. अन्य काही सन्मान्य नावही मला सुचत नाही. खरी परीक्षा विद्यापीठ घेणारच आहे, या भरवशावर आम्ही आमचा निर्णय वर्षानुवर्षे गहाण टाकला होता. संकट आले आणि त्याच निर्णयाची मागणी झाली, तेव्हा द्यायला आमच्याजवळ सतरा आणि अठरा एवढेच होते.

सूत्राचा दुसरा अर्धा भाग मला अधिक अन्यायकारक वाटला. मागील सत्रांची सरासरी म्हणजे विद्यार्थ्याचा भूतकाळ. आमच्या विभागात येणारी पुष्कळ मुले, विशेषतः मुली, पहिल्या वर्षी चाचपडतात. घरात पुस्तक नसते, उत्तर लिहिण्याची सवय नसते, प्रमाणभाषेचे भय असते. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस त्यांना वाक्य सापडते आणि तिसऱ्या वर्षी त्या लिहू लागतात. ज्या सत्रात त्या प्रथमच स्वतःच्या आवाजात लिहिणार, नेमके तेच सत्र पुसून त्याजागी चाचपडण्याचे गुण ठेवायचे, ही लवचीकता नव्हे. सुधारणेसाठी पुढे परीक्षा देण्याची सोय होती हे खरे. परंतु घरचे उत्पन्न थांबलेल्या मुलीने त्या सोयीची वाट किती काळ पाहायची?

अंतिम वर्षाचा प्रश्न मात्र शिक्षणाच्या हातातून लवकरच निसटला. मेच्या आरंभी राज्य सरकारने अंतिम परीक्षा घेण्याचे जाहीर केले. महिनाअखेर, ३१ मे रोजी, मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी त्या न घेता सरासरी गुण देण्याचे जाहीर केले. कुलपती या नात्याने राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी हरकत घेतली. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात अखेर जो निर्णय झाला, तो माझ्या मते त्या सबंध काळातील सर्वांत समंजस होता, जरी तो टिकला नाही. ज्यांना परीक्षा द्यायची नाही त्यांनी तसे लिहून द्यावे व सरासरी घ्यावी. ज्यांना द्यायची आहे त्यांची परीक्षा परिस्थिती पाहून घेतली जाईल. निवड विद्यार्थ्याची. त्या दिवसांत तृतीय वर्षाच्या एका मुलीचा फोन आला. "मॅडम, लिहून दिलं तर पुढे नोकरीच्या वेळी कुणी विचारणार नाही ना?" मी नाही म्हणाले. महिन्याभराने त्या कृषी गुणपत्रिकांची बातमी वाचली तेव्हा माझ्या उत्तराची मलाच लाज वाटली.

परीक्षेविना पदवी ही या देशाला अगदी अपूर्व गोष्ट होती असेही नाही. फाळणीनंतर पूर्व पंजाबमध्ये विद्यापीठाने निर्वासितांच्या छावण्यांत सेवा करणाऱ्या विद्यार्थ्यांची ती सेवाच परीक्षेऐवजी ग्राह्य धरली होती. २०२०च्या वादात हा दाखला फारसा कोणी घेतला नाही. वास्तविक आमचे किती तरी विद्यार्थी त्या उन्हाळ्यात रेशनवाटपात होते, पायी निघालेल्या मजुरांना पाणी देत होते, आशा सेविका असलेल्या आईबरोबर घरोघर नोंदी करीत फिरत होते. त्यासाठी गुण द्यावेत असे मी म्हणत नाही. मराठीच्या पदवीचे माप त्याने होणार नाही. पण विद्यापीठाला आपल्या विद्यार्थ्याविषयी असे काही ठाऊक असू शकते, ही कल्पनाच कोणाच्या मनात आली नाही.

६ जुलैला आयोगाने सुधारित सूचना काढून अंतिम परीक्षा सप्टेंबरअखेर घेणे बंधनकारक केले. युवासेनेसह अनेक याचिकाकर्ते सर्वोच्च न्यायालयात गेले. २८ ऑगस्ट २०२० रोजी न्या. अशोक भूषण, न्या. सुभाष रेड्डी आणि न्या. एम. आर. शाह यांच्या खंडपीठाने निकाल दिला : आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली राज्य परीक्षा पुढे ढकलू शकते, त्यासाठी आयोगाकडे मुदतवाढ मागू शकते, पण परीक्षेवाचून विद्यार्थ्यांना उत्तीर्ण करू शकत नाही. घटनेनुसार उच्च शिक्षणाचा दर्जा ठरवणे हे केंद्राच्या अखत्यारीत येते, हा त्यामागचा आधार. कायद्याच्या दृष्टीने निकालात खोट काढण्याचा माझा अधिकार नाही. एवढेच नोंदवते की, त्या दिवशी दर्जा आणि परीक्षा हे दोन शब्द समानार्थी ठरले, आणि ते वुडच्या खलित्याशी तंतोतंत जुळणारे होते.

मग ऑक्टोबरमध्ये परीक्षा झाली. राज्यातील बहुतेक विद्यापीठांनी तासाभराची, ५० गुणांची, चार पर्यायांतून एक निवडण्याची परीक्षा घेतली. ज्यांना शक्य त्यांनी मोबाईलवर दिली. प्रश्न काढण्याचे काम मलाही आले. आधुनिक मराठी कवितेच्या अभ्यासपत्रिकेसाठी मी पहिला प्रश्न लिहिला तो असा : मर्ढेकरांचा 'काही कविता' हा संग्रह कोणत्या वर्षी प्रसिद्ध झाला? खाली १९३९, १९४७, १९५१ आणि १९५९ असे चार पर्याय दिले. उत्तर १९४७. त्या संग्रहाविषयी दोन सत्रे वर्गात जे बोलणे झाले होते, त्यातले काहीही या चौकटीत मावत नव्हते. फोन करणाऱ्या त्या मुलीने गावाबाहेरच्या टेकडीवर जाऊन ही परीक्षा दिली. नेटवर्क तेथेच मिळत होते. तिला चांगले गुण पडले. तिच्या गुणपत्रिकेवर कोणताही शेरा नाही.

२०२२च्या उन्हाळ्यात परीक्षा पुन्हा वर्गात बसून सुरू झाल्या. दोन वर्षे दीर्घ उत्तर न लिहिलेल्या मुलांनी पर्यायी प्रश्नांचीच मागणी केली, ती मान्य झाली नाही. पेपर लिहिण्यासाठी थोडा जादा वेळ तेवढा मिळाला. त्याच सत्राच्या शेवटी अंतर्गत गुणांचा तक्ता भरायला माझ्यासमोर आला. या खेपेस मी प्रत्येक प्रकल्प वाचून गुण द्यायचे ठरवले होते. एकशे बारा प्रकल्प होते आणि तक्ता तीन दिवसांत द्यायचा होता. एकेचाळीस वाचून झाले.