थोमाचे आठ दिवस

मागे एका गावी कीर्तन आटोपलं, आरती झाली, पेटी-तबला बांधायला घेतला, आणि एक माउली पुढे आली. म्हणाली, "बुवा, माझा मुलगा कॉलेजात गेल्यापासून प्रार्थनेला बसत नाही. म्हणतो, हे सगळं खरं कशावरून? त्याला आता घरात काय म्हणू?" मी तेव्हा घाईत दोन शब्द बोललो आणि निघालो. ते मला लागून राहिलं. तिला जे सांगायला हवं होतं, ते आज तुम्हांला सांगतो.

पूर्वरंगाला थोमा घेऊ. योहानाच्या शुभवर्तमानाचा विसावा अध्याय आपल्या सगळ्यांना पाठ आहे. प्रभू उठला त्या संध्याकाळी शिष्य दारं लावून बसले होते. प्रभू त्यांच्यात आला. थोमा तेवढा तिथे नव्हता. दहा जणांनी सांगितलं, आम्ही प्रभूला पाहिलं. थोमा म्हणाला, खिळ्यांच्या खुणांत बोट घातल्याशिवाय मी मानणार नाही. इथपर्यंत सगळे सांगतात, आणि बिचाऱ्याच्या नावाला "संशयी" असं शेपूट लावून मोकळे होतात.

पण पुढची ओळ नीट बघा. आठ दिवसांनी शिष्य पुन्हा घरात होते आणि थोमा त्यांच्याबरोबर होता. बरोबर होता, बरं का! म्हणजे आठ दिवस त्याची शंका त्याच घरात, त्याच मंडळींत राहिली. कोणी त्याला बाहेर काढलं नाही आणि तोही रुसून गेला नाही. आणि प्रभू आला तो त्याच्यावर रागावत आला नाही. हात पुढे केला, बोट घाल म्हणाला. थोमाने खरोखर बोट घातलं की नाही, ते योहानाने लिहिलेलंच नाही. मत्तयाच्या शेवटच्या अध्यायात तर गालीलातल्या डोंगरावर काहींना शंका होती असं स्पष्ट लिहिलंय, आणि जगभर जाण्याची आज्ञा त्यांच्यासकट सगळ्यांना झाली. शंकावाल्यांना आधी बाजूला उभं केलं, असं काही तिथे नाही.

आता आख्यान. ते आपल्याच मातीतलं आहे.

नारायण वामन टिळक. जन्म १८६१, कोकणातल्या करजगावचा. चित्पावन ब्राह्मण, कवी, संस्कृताचा व्यासंग. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने जात असता डब्यात एक युरोपियन गृहस्थ भेटले. गप्पा निघाल्या कवितेच्या, मग देवाधर्माच्या. उतरताना त्यांनी नवा करार हातात दिला आणि म्हणाले, हे मन लावून वाचाल तर दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल. टिळकांना ते काही फारसं पटलं नाही, पण शब्द दिला होता म्हणून वाचू लागले. डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि पुस्तक खाली ठेववेना. तरी लगेच उठून बाप्तिस्मा घेतला नाही हो. शंका होत्या. त्या वाचीत, विचारीत, स्वतःशी भांडत दोन वर्षं गेली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. तोही त्यांनी आपल्या माणसाच्या हातून मागून घेतला: रेव्हरंड तुकाराम नथोजी. तुकोबांच्या अभंगांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं टिळक सांगत. तेव्हा बाप्तिस्मा देणाऱ्याचं नावही तुकारामच निघावं, याची मला मोठी गंमत वाटते.

टिळकांचं मन निवलं, पण घर फुटलं. हे लपवायचं नाही. पत्नी लक्ष्मीबाई, लहानगा दत्तू. बाई ज्या घरात वाढल्या तिथे वडिलांचं सोवळं एवढं कडक, की बाजारातून आलेला जिन्नस धुतल्याशिवाय घरात येत नसे. अशा लेकीच्या नवऱ्याने धर्म सोडला! त्या पंढरपुरास नातलगांकडे जाऊन राहिल्या. चंद्रभागेच्या काठी एक बाई नवरा जिवंत असून रडते आहे, आणि नवरा दूर नगरकडे पत्रं लिहितो आहे. चार वर्षांहून अधिक काळ हे चाललं. प्रभूच्या मागे जाणं म्हणजे काय, ते आपण गाण्यात फार सोपं करून टाकतो.

पुढे बाई परत आल्या. नवऱ्याकडे आल्या, ख्रिस्ताकडे नव्हे! सोवळं बरोबरच घेऊन आल्या. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. आणि टिळकांनी, तापट स्वभावाच्या त्या माणसाने, ते चालू दिलं. मी तुझा पती, मी सांगतो म्हणून बाप्तिस्मा घे, असं केलं नाही. थोमाचे आठ दिवस त्या घरात फार लांबले म्हणा ना.

बाईंची शंका ग्रंथातली नव्हती. ती पाण्याच्या तांब्यातली होती. जात देवाने केली की माणसाने? माणसाने केली असेल, तर अमक्याच्या हातचं पाणी प्यायल्याने बाटतं काय? हा विचार त्यांनी स्वतःच्या डोक्याने तडीस नेला, आणि मग कोणाच्याही हातचं खायला-प्यायला लागल्या. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. हे सगळं त्यांनीच 'स्मृतिचित्रे'त लिहून ठेवलंय, हसत हसत आणि स्वतःची थट्टा करीत. ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी यात्रेहून घरी गेल्यावर जरूर वाचावं.

टिळकांनी हे मनात धरलं असावं असं मला वाटतं. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडला. त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही जागा. मिशनरी मंडळींपैकी काहींना ते रुचलं नाही. पण दोन वर्षांतच, ९ मे १९१९ रोजी, टिळक मुंबईत प्रभूकडे गेले.

मागे 'ख्रिस्तायन' अर्धवट राहिलं. प्रभूचं सारं चरित्र ओवीत आणायचं होतं, आणि सुरुवातीचे थोडेच अध्याय झाले होते. पुढचे चौसष्ट अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. शाळेचं तोंड न पाहिलेल्या, पंढरपुरात रडत बसलेल्या त्याच बाईने! १९३६ साली त्याही गेल्या. ग्रंथ छापून निघाला तो १९३८ साली.

त्या माउलीचं गाव माझ्या ध्यानात आहे. येत्या फेरीत तिकडे कीर्तन आहे. मुलाला पुढे बसव, आणि मध्येच काही विचारावंसं वाटलं तर विचारू दे, असा निरोप मी आधीच धाडलाय.