विन्स्लो होमर : ठशावरून कागदावर

अमुक चित्रकार 'आधी पोटासाठी साप्ताहिकांची चित्रे काढत होता, मग कलेकडे वळला' असे चरित्रकार लिहितात, तेव्हा त्या 'मग'मध्ये पुष्कळ काही दडपले जाते. अमेरिकन चित्रकार विन्स्लो होमर (१८३६-१९१०) याची कहाणी बहुधा अशीच सांगितली जाते : १८७३च्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समधील ग्लॉस्टर बंदरावर त्याने जलरंग गंभीरपणे हाती घेतले, १८७५च्या सुमारास साप्ताहिकांचे काम सोडले आणि तो खरा कलावंत झाला. सनावळी बरोबर आहे. परंतु त्याच्या जलरंगांतला धीटपणा छापखान्यातूनच आला, असे आम्हांला वाटते.

होमरची आई हौसेने फुलांची जलरंगचित्रे काढत असे. ते माध्यम घरचेच होते. धंद्याचे शिक्षण मात्र बॉस्टनच्या बफर्ड यांच्या शिळाछापखान्यातल्या उमेदवारीत झाले. हे दिवस त्याला इतके जाचक वाटले, की १८५७मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, तिथून सुटल्यावर त्याने पुन्हा कोणाची चाकरी धरली नाही. 'हार्पर्स वीकली'ने देऊ केलेली कायमची नोकरीही नाकारली. त्याच साप्ताहिकासाठी तो यादवी युद्धात सैन्याच्या छावण्यांत जाऊन आला. युद्धकाळातच तैलरंगही सुरू झाले.

त्या काळी साप्ताहिकातले चित्र लाकडी ठशावरून छापले जाई. टणक लाकडाच्या पृष्ठभागावर पांढरा हात देऊन चित्रकार त्यावर रेखाटन करी; मग कोरणारे कारागीर बसत. जे कोरून काढले, त्याला शाई लागत नसे आणि कागदावर ते पांढरे उमटे. म्हणजे ठशातला उजेड हा काढून टाकल्याने मिळणारा उजेड. असे ठसे डोळ्यांसमोर ठेवून ज्याने कित्येक वर्षे चित्रे योजली, त्याला पांढरा रंग 'लावायचा' नसतो, राखायचा किंवा उकरायचा असतो, हे वेगळे शिकवावे लागले नसणार.

आणि पारदर्शक जलरंगाचा धर्म तरी दुसरा कोणता? तिथेही उजेड कागदाचाच. ग्लॉस्टरच्या आरंभीच्या चित्रांत, होडीतल्या त्या मुलांत, होमर अजून अपारदर्शक रंगाचा आधार घेतो. तिथल्या काही आकृती त्याच वर्षी 'हार्पर्स'च्या ठशांतही उतरल्या. पुढे हा आधार सुटत गेला. ओला रंग टिपून घेणे, वाळलेला पुन्हा भिजवून उचलणे, आणि शेवटी सरळ चाकू घेऊन कागद खरवडणे. अडिरॉन्डॅकच्या डोंगराळ जंगलातली, १८८९पासूनची मासेमारीची चित्रे पाहावीत. गडद पाण्यावर हवेत भिरकावलेली गळाची दोरी काही चित्रांत कुंचल्याची नाहीच. ती चाकूच्या टोकाने रंगाखालचा कागद उघडा करून काढली आहे. ठसा कोरणाऱ्याचीच ही कृती.

हेन्री जेम्सने १८७५मध्ये होमरच्या तैलचित्रांवर लिहिले. विषय आणि चेहरे त्याला कुरूप वाटले (कादंबरीकाराची ही नापसंती जरा गमतीची आहे), तरी हा माणूस रेषांत नव्हे, तर प्रकाशाने वेढलेल्या ढोबळ आकारमानांत पाहतो, हे त्याने कबूल केले. रेषेवर पोट भरणाऱ्याविषयी हे लिहिले गेले, हे ध्यानात घ्यावे.

पुढचा प्रवास ठाऊक आहे : १८८१-८२मध्ये इंग्लंडच्या किनाऱ्यावरचे कलरकोट्स, १८८३पासून मेनमधले प्राउट्स नेक, हिवाळ्यांत बहामा आणि फ्लॉरिडा. आयुष्यभरात सुमारे ७०० जलरंगचित्रे.

आमच्या या मांडणीला एक अडचण आहे. १८८७चे, शेतातल्या एका मुलाचे 'फॉर टू बी अ फार्मर्स बॉय' हे चित्र शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटकडे आहे. त्यातले आकाश जवळजवळ कोरे. अशा कोऱ्या आकाशाला संयमाचा नमुना म्हणण्याचा मोह कोणालाही होईल. संग्रहालयाने २००८मध्ये होमरच्या जलरंगांचे प्रदर्शन भरवले, त्या निमित्ताने झालेल्या तपासणीत कागदाच्या तंतूंत अडकलेले लाल-जांभळ्या रंगद्रव्यांचे सूक्ष्म कण सापडले. किरमिजाच्या किड्यांपासून आणि मंजिष्ठाच्या जातीच्या मुळांपासून केलेले. ते आकाश भडक सूर्यास्ताचे होते. उजेडाने ते पुसून टाकले.

होमरचा भाऊ चार्ल्स वार्निशच्या धंद्यात रसायनतज्ज्ञ होता; रंगसंगतीवरचा शेव्रलचा ग्रंथ त्यानेच विन्स्लोला दिला होता. लाल टिकणार नाही, याची कल्पना घरात कोणाला होती की नव्हती, हा प्रश्न मनात येतोच. आमच्यापुरते मात्र इतके नक्की, की होमरच्या कागदावरचा प्रत्येक पांढरा आता दोनदा पाहावा लागतो. चाकूने उकरलेला ओळखू येतो. तिथे कागदाचा पापुद्रा उठलेला असतो. बाकीच्यांसाठी सूक्ष्मदर्शक लागतो.